मेंदूतील असाध्य गाठ: घरच्यांनी काय करावे आणि केव्हा

मेंदूत गाठ आहे, ती चौथ्या श्रेणीची आहे आणि ती पूर्ण बरी होणार नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर घरातली माणसे बहुधा दोन प्रश्न विचारतात: किती दिवस, आणि आता आम्ही काय करायचे. पहिल्या प्रश्नाचे नेमके उत्तर कोणत्याही डॉक्टरकडे नसते. दुसऱ्याची उत्तरे मात्र पुष्कळ आहेत, आणि त्यांतली बहुतेक वेळेशी बांधलेली आहेत, म्हणजे जे पहिल्या महिन्यात सहज करता येते तेच सहाव्या महिन्यात करता येईल याची खात्री नसते.

उदाहरण म्हणून ग्लायोब्लास्टोमा घेऊ. प्रौढांच्या मेंदूतच उद्भवणाऱ्या कर्करोगांत हा सर्वाधिक आढळतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो चौथ्या, म्हणजे सर्वांत आक्रमक श्रेणीत मोडतो. शेतात हरळी कशी पसरते हे ज्याने पाहिले आहे त्याला ही गाठ लवकर समजेल. वर दिसणारा झुबका खणून काढता येतो, पण त्याच्या काड्या भोवतीच्या चांगल्या जमिनीत कुठवर गेल्या आहेत ते दिसत नाही. आणि मेंदूच्या बाबतीत ती सगळी जमीन खणून टाकता येत नाही, कारण बोलणे, चालणे, आठवणे हे सारे तिच्यातच चाललेले असते. म्हणून सुरक्षितपणे काढता येईल तेवढी गाठ शस्त्रक्रियेने काढतात, त्यानंतर साधारण सहा आठवडे रेडिएशन देतात, ज्याला आपल्याकडे अनेक जण ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, आणि त्याच्या जोडीला टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाच्या कॅप्सूल सुरू होतात. ज्या चाचणीमुळे हा उपचार जगभर रूढ झाला ती २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील ५७३ रुग्णांपैकी ज्यांना केवळ रेडिएशन मिळाले त्यांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिने आणि ज्यांना दोन्ही उपचार मिळाले त्यांचे १४.६ महिने भरले. मध्यक म्हणजे अर्धे रुग्ण त्याच्या आत गेले आणि अर्धे त्यानंतरही राहिले. दोन्ही उपचार घेतलेल्यांपैकी २६.५ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतरही हयात होते. त्यामुळे हा आकडा म्हणजे एखाद्या माणसाच्या नावावर लिहिलेली तारीख नव्हे; पण कामे कोणत्या क्रमाने उरकावीत हे ठरवायला तो पुरेसा आहे.

शरीर आधी की मन आधी

पोटाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगात शरीर खंगत जाते, परंतु अनेकदा शेवटच्या काही आठवड्यांपर्यंत रुग्ण आपले निर्णय आपण घेत असतो. मेंदूच्या गाठीत हा क्रम उलटू शकतो. माणूस हिंडता-फिरता असतो, सूज कमी करण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे त्याची भूक वाढलेली आणि चेहरा भरलेला असतो, भेटायला येणारे ‘तब्येत तर सुधारलेली दिसते’ असे सांगून जातात, आणि त्याच वेळी त्या माणसाला विजेचे बिल भरले की नाही हे आठवत नसते किंवा दोन गोष्टींतून एक निवडणे जमत नसते. घरच्यांची सर्वांत मोठी ओढाताण इथे होते, कारण बाहेरच्यांना जे दिसते आणि घरात जे चालले आहे त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही.

गाठ कोणत्या भागात आहे यावर काय आधी ढळणार हे बरेचसे अवलंबून असते, आणि म्हणून एमआरआय झाल्यावर डॉक्टरांना ‘गाठ केवढी’ याबरोबरच ‘गाठ नेमकी कुठे आणि तिथे कोणती कामे चालतात’ हे विचारून घ्यावे. कपाळामागच्या भागात गाठ असेल तर माणूस तासन्‌तास नुसता बसून राहतो, आणि तो आळस किंवा निराशा नसून कामाला आरंभ करण्याची क्षमताच मंदावलेली असते. याच भागामुळे कधी नेमके उलट होते: आयुष्यभर तोलूनमापून बोललेला माणूस सुनेसमोर अर्वाच्य बोलतो, क्षुल्लक गोष्टीवरून भडकतो किंवा मोबाईलवरून नको त्या वस्तू मागवत सुटतो. आपल्याकडे असे वागणे लगेच स्वभावाच्या खात्यावर जमा होते (‘पहिल्यापासूनच तसे होते, आता बाहेर पडले’). हा हिशोब अन्यायाचा आहे. जिभेला आवर घालणारा मेंदूचा भागच दुखावला असेल, तर उमटलेल्या शब्दांवरून त्या माणसाच्या मनाचा तळ शोधू नये. वाद घालण्यापेक्षा विषय बदलणे, खोलीतली गर्दी आणि टीव्हीचा आवाज कमी करणे, आणि मोबाईलमधल्या पैशांच्या व्यवहारांवर वेळीच मर्यादा घालणे अधिक उपयोगाचे ठरते. फिट्स थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटॅमसारख्या औषधाने आणि स्टेरॉइडनेही चिडचिड वाढू शकते, म्हणून वागण्यातला बदल डॉक्टरांना संकोच न करता सांगावा. कधी कधी औषध बदलून फरक पडतो.

मेंदूच्या उजव्या बाजूला, डोक्याच्या वरच्या मागील भागात गाठ असेल तर रुग्णाच्या लेखी डावी बाजूच नाहीशी होऊ शकते. डोळे चांगले असतात, पण डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. जेवणाच्या ताटातली उजवीकडची भाजी आणि आमटी संपते, डावीकडची चटणी, कोशिंबीर आणि लिंबाची फोड तशीच राहते, आणि वाढणारीला वाटते की आज चव बिघडली. ताट अर्धे फिरवून ठेवले की उरलेलेही खाल्ले जाते. अशा रुग्णाशी बोलताना उजव्या बाजूला बसावे, पाण्याचा पेला आणि घंटी उजवीकडे ठेवावी, आणि चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटणार हे गृहीत धरून त्या बाजूने सोबत करावी.

बहुतेकांचे भाषाकेंद्र मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते. तिथे गाठ असेल तर मनात ‘चहा’ असतो आणि तोंडून ‘चावी’ येते, किंवा शब्दच सापडत नाही. समजणे आणि बोलता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे बोलता येत नाही म्हणून रुग्णाला ऐकूही येत नसेल अशा थाटात त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलू नये. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, तो होय-नाहीत उत्तर देता येईल असा असावा, आणि उत्तरासाठी थांबावे. आपल्याला दीर्घ वाटणारी ती पंधरा-वीस सेकंदे रुग्णाला हवी असतात. घडवून बोलायची वाक्ये हरवली तरी पाठ असलेले अनेकदा टिकते. साधे नाव न सांगता येणारा माणूस आरती, लहानपणी पाठ केलेले स्तोत्र किंवा पाढे ओळीने म्हणू शकतो, आणि कधी कधी शिवीही अस्खलित देतो. सोबत म्हणायला जे टिकले आहे ते वापरावे.

त्यांना सांगायचे का

‘त्यांना काही सांगू नका हं डॉक्टर, खचून जातील,’ हे वाक्य आपल्या रुग्णालयांच्या व्हरांड्यात रोज ऐकू येते. त्यामागे माया असते, याबद्दल शंका नाही. परंतु या आजारात लपवण्याची किंमत इतर आजारांपेक्षा अधिक पडते, कारण सांगण्याचा धीर घरच्यांना गोळा होईपर्यंत ऐकून समजून घेण्याची रुग्णाची ताकदच ओसरलेली असू शकते, आणि मग मुलीच्या लग्नापासून गावाकडच्या जमिनीपर्यंत आणि रुग्णालयात न्यावे की घरीच ठेवावे इथपर्यंत सगळे निर्णय अंदाजाने घ्यावे लागतात. शिवाय डोक्याची शस्त्रक्रिया, सहा आठवड्यांचे रेडिएशन आणि घरातल्यांचे रडून सुजलेले डोळे पाहून रुग्णाला काहीच कळले नसेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. माझ्या मते ‘सांगायचे की नाही’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. ‘तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचे आहे’ असे रुग्णालाच विचारणे हा त्याहून सरळ मार्ग आहे. कोणी म्हणेल की सगळे सांगा, कोणी म्हणेल की तपशील मुलाला सांगा, मला फक्त पुढे काय करायचे ते सांगा. दोन्ही उत्तरे मान्य करावीत. जो ऐकू इच्छित नाही त्याच्यावर सत्य लादणे आणि जो विचारतो आहे त्याच्यापासून ते दडवणे, या दोन्हींत त्याची इच्छा बाजूला पडते.

घरात लहान मुले असतील तर त्यांनाही त्यांच्या वयाला झेपेल एवढे खरे सांगावे. आजोबांच्या डोक्यात आजार आहे, त्यामुळे ते ओरडतात, तू काही केले म्हणून नव्हे, आणि हा आजार शिवल्याने लागत नाही, एवढी तीन वाक्येही मुलाच्या मनावरचे मोठे ओझे उतरवतात.

कागदपत्रांचे बोलणे अशा वेळी अशुभ वाटते, म्हणून ते पुढे ढकलले जाते, आणि नेमके तिथेच घर अडकते. अनेक जण मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. परंतु भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, ज्याने मुखत्यारपत्र दिले त्याची मानसिक क्षमता गेली की त्या मुखत्यारपत्राचा अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी तो कागद केला त्याच दिवशी तो निकामी होतो. म्हणून बँकेचे खाते दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असे करणे, विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि ठेवींवरील नामनिर्देशन तपासणे, मोबाईल आणि संगणकाचे पासवर्ड लिहून ठेवणे ही कामे रुग्णाला स्पष्ट समजत असतानाच उरकावीत. मृत्युपत्र करायचे असल्यास त्या दिवशी रुग्ण विचार करण्यास सक्षम होता असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत घ्यावे, कारण ‘मेंदूचा आजार होता’ एवढ्या एका मुद्द्यावर पुढे भावंडे न्यायालयात उभी राहू शकतात.

उपचारांविषयीची इच्छाही लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित केले की पुरते. बरे होण्याची शक्यता नसताना व्हेंटिलेटरवर ठेवावे का, आणि स्वतः बोलता येत नसेल तेव्हा आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात सांगता येते. ते करतानाही मन शाबूत असावे लागते.

रोजचे दिवस

फिट, ज्याला आपण आकडी किंवा झटका म्हणतो, ती पहिल्यांदा पाहणारा माणूस हादरतो. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने फिट थांबत नाही, आणि दातांमध्ये चमचा घातल्याने दात तुटण्यापलीकडे काही साधत नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, आसपासचे टेबल-खुर्ची बाजूला करावे, हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात पाणीसुद्धा घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून अधिक काळ फिट चालली किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली तर ती तातडीची स्थिती समजून रुग्णालय गाठावे. नाकात मारायचा मिडाझोलॅमचा स्प्रे घरी ठेवावा का आणि कधी वापरावा हे डॉक्टरांना आधीच विचारून घेतले तर त्या पाच मिनिटांत हात बांधून उभे राहावे लागत नाही.

डेक्सामेथासोन, बोलीभाषेत डेक्सा, हे या आजारातले सर्वांत उपकारक आणि सर्वांत त्रासदायक औषध म्हणावे लागेल. गाठीभोवतीची सूज ते कमी करते, त्यामुळे डोकेदुखी, उलट्या आणि हातापायांतली कमजोरी दोन-तीन दिवसांत ओसरू शकते. त्याच्या बदल्यात रक्तातली साखर चढते, रात्रीची झोप उडते, तोंडात पांढरे चट्टे येतात आणि मांड्यांचे स्नायू इतके दुबळे होतात की कमोडवरून उठताना आधार लागतो. शक्यतो सकाळी आणि जेवणानंतर ते द्यावे, साखर तपासत राहावी, आणि काहीही झाले तरी आपल्या मनाने ते एकाएकी बंद करू नये, कारण काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचे बनवणे मंदावते.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक उपचार, हे शब्द ऐकले की ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असा अर्थ घेतला जातो. वस्तुतः वेदना, उलट्या, फिट्स, अस्वस्थता आणि घरच्यांचा थकवा यांवर काम करणारी ही वैद्यकशास्त्राची एक शाखा आहे आणि रेडिएशन चालू असतानाही तिची मदत घेता येते. टाटा रुग्णालयात तिचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून रुग्णांना विनामूल्य सेवा देते, आणि मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन भारतातील पहिले हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातील रुग्णांची काळजी घेणारे केंद्र, मानले जाते. गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा आहे. वेदना तीव्र असल्यास मॉर्फिन लागते. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यावर ते मिळवण्यातले अडथळे कमी झाले आहेत, आणि योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन मृत्यू जवळ आणत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास करते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत असावे.

काळजी घेणाऱ्याबद्दल एरवी ‘तिने स्वतःलाही जपावे’ असे मोघम बोलून मोकळे होतात. ‘तिने’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण हे काम बहुतेक घरांत बायको, मुलगी किंवा सून करते. तिला लागते ती आठवड्यातून किमान दोन रात्रींची सलग झोप, आणि ती उपदेशाने मिळत नाही. त्या दोन रात्री दुसऱ्या कोणीतरी रुग्णाच्या खोलीत झोपावे लागते किंवा ब्युरोकडून मावशी अथवा मामा ठेवण्याचा खर्च भावंडांना वाटून घ्यावा लागतो. जो नातेवाईक ‘काही लागले तर सांगा’ म्हणतो त्याला तिथल्या तिथे काम सांगावे: गुरुवारी औषधे आणणे, विम्याचे कागद भरणे, मुलाला शिकवणीला सोडणे. परदेशातला मुलगा तीन महिन्यांनी येतो आणि आल्या दिवशी आणखी एका शस्त्रक्रियेचा आग्रह धरतो, हे दृश्यही अपरिचित नाही. त्याचा अपराधभाव खरा असतो, पण त्याला मधल्या महिन्यांचा तपशील नसतो, म्हणून दर आठवड्याला ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर त्याने रुग्णाला चालताना, जेवताना पाहावे आणि डॉक्टरांच्या भेटीत फोनवरून हजर राहावे, हे पुढचे भांडण टाळते. भेटायला येणारे अमक्या गावच्या औषधाची पुडी आणतात. ती घेऊन आभार मानावेत आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नये.

शेवटचे आठवडे

गाठ पुन्हा वाढली आणि उपचारांचा उपयोग होईनासा झाला की पहिले दिसणारे लक्षण बहुधा झोप असते. रुग्ण दिवसाचे बारा, मग सोळा, मग वीस तास झोपतो. मेंदूच्या आत वाढलेल्या दाबाचा हा परिणाम असतो, आणि अनेकांच्या बाबतीत त्यामुळे शेवट इतर काही कर्करोगांपेक्षा कमी वेदनेचा होतो. पाठीवर आणि माकडहाडावर जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी, हवेची गादी वापरावी. ती, वर-खाली होणारी खाट आणि चाकाची खुर्ची विकत घेण्याची गरज नसते. अनेक शहरांत सामाजिक संस्था रुग्णोपयोगी साहित्य अनामत रक्कम घेऊन वापरायला देतात.

त्यानंतर गिळणे अवघड होते. पातळ पाण्यापेक्षा पेज किंवा नाचणीचे सत्त्व यांसारखे सरबरीत पदार्थ सोपे जातात. माणसाला उठवून, पूर्ण जागे करून, चमच्या-चमच्याने द्यावे आणि ठसका लागला की थांबावे. ‘दोन घास तरी खा’ हा आपल्या घरांतला मायेचा सर्वांत जुना शब्द आहे, आणि या टप्प्यावर तोच घातक ठरू शकतो, कारण झोपेतल्या माणसाच्या तोंडात घातलेला घास फुप्फुसात उतरतो. रुग्ण जेवत नाही म्हणून जात नसतो. तो जात असतो म्हणून शरीर अन्न मागत नाही. ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसत राहणे पुरेसे असते, आणि मुखी गंगाजल घालायची घरच्यांची इच्छा त्याच कापसावरच्या थेंबाने पूर्ण होते. गोळ्या गिळता येईनात की फिट्सची औषधे थांबण्याचा धोका असतो, म्हणून ती सिरप, त्वचेखालील इंजेक्शन किंवा नाकावाटे कशी देता येतील हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

शेवटच्या दिवसांत श्वास मध्येच थांबतो, पुन्हा जोरात सुरू होतो, आणि घशात साचलेल्या लाळेमुळे घरघर ऐकू येते. ऐकणाऱ्याला ती असह्य होते, पण बेशुद्ध रुग्णाला बहुधा तिचा त्रास नसतो. कुशीवर वळवल्याने आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने ती कमी होते. प्रतिसाद मिळत नसला तरी बोलत राहावे, हात धरावा, कोण आले आहे ते नाव घेऊन सांगावे.

मृत्यू घरीच व्हावा असे ठरले असेल तर एक व्यावहारिक गोष्ट आधी पक्की करावी: रात्री-अपरात्री येऊन मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र कोणते डॉक्टर देतील. घरी झालेल्या मृत्यूसाठी ते नमुना ४-अ वर दिले जाते, त्यावाचून दहन-दफन आणि पुढची नोंदणी अडते, आणि ज्या डॉक्टरांनी रुग्णाला कधी पाहिलेलेच नाही ते सही करायला कचरतात. म्हणून घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांना आजाराची फाईल दाखवून, मधूनमधून घरी बोलावून, त्यांचा होकार घेऊन ठेवावा. त्यांचा नंबर, रुग्णवाहिकेचा नंबर आणि पॅलिएटिव्ह केअरच्या नर्सचा नंबर एका कागदावर लिहून तो औषधांच्या डब्यावर चिकटवावा, कारण त्या रात्री मोबाईलमध्ये शोधायला कोणाचेच हात स्थिर नसतात.